नेहमीचे रॉड, दहा पेट्या

मी मूळची कुहीकडची. कुहीतून पायी तासभर गेलं की आमचं गाव लागते, चारही अंगानं धानाच्या बांध्या अन् मधात वस्ती. माझा आजा दीक्षा घ्यायले नागपूरले पायी गेला होता, अन् परत आला तं घरच्याइले एवढंच म्हणाला म्हणे, आता या घरातले पोट्टे अन् पोट्ट्या दोन्ही शाळेत जातीन, बांधीचं मग पाहू. म्हणून मी दहावीपर्यंत शिकली. हे पहिले काहून सांगून राहिली, तं लोक मले विचारतात, बाई, तुम्ही लोखंडाच्या कारखान्यात स्टोअर कसं सांभाळलं. कसं सांभाळलं, अक्षर चांगलं होतं म्हणून सांभाळलं. अन् त्याच अक्षरानं एक दिवस एका चांगल्या माणसाचं नाव बुडवायले निघाली होती मी. तेच सांगायचं आहे तुम्हाले. तुम्ही कामगारांची पत्रकं छापता, तं हे ठळक छापा.

लग्न होऊन नागपुरात आली तं आमचे हे इतवारीत मालाचा ठेला ओढत. कापडाचे गठ्ठे, भांडे, खिळे, जे मिळन ते. लोखंडी सामानाचं एक दुकान होतं मुल्लाजीचं, पांढरी टोपी, तिले सोनेरी काठ, माणूस बोले कमी अन् पान खाये जास्त. त्याच्या दुकानातून वेल्डिंगच्या रॉडच्या पेट्या निघत, हे त्या गल्लीतून ठेल्यावर आणत, चौकात टेम्पोत चढवत, अन् टेम्पोसंगंच हिंगणा रोडवरच्या कारखान्यात जाऊन उतरवत. तिथं धानगिरणीच्या चिमण्या बनत, पाण्याच्या टाक्या बनत, कोळसा साठवायचे हॉपर बनत, म्हणजे वरून रुंद अन् खालून अरुंद असं घराएवढं लोखंडी नरसाळं. काही वर्षांनी याइची कंबर गेली. तेव्हा कारखान्याचे मोठे शेठ म्हणाले, तू घरी बस गा, बायकोले पाठव. अशी मी गेली. झाडू माराले गेली, हे काही लपवत नाही मी.

रॉड तुम्ही पाहिला असन. हातभर लांब लोखंडी काडी, वरून राखेच्या रंगाचा लेप. करंट लागला की काडी वितळते अन् लोखंडाच्या दोन पाट्या एक होतात, अन् लेप जळून धूर करते तो वितळल्या लोखंडाले हवा लागू देत नाही. मामा म्हणे, काडी कोणीही बनवते, जीव लेपात असते. लेप ओला तं जोड पोकळ.

मामा म्हणजे परसराम मिस्त्री. नात्यातले नाही, पण सगळा कारखाना मामाच म्हणे. उमरेडचा माणूस, घरी बाप हातमागावर, लुगड्याचे काठ विणणारा. मामा रोज सकाळच्या पहिल्या एसटीनं उमरेडहून येये, बगलेत डबा, डोक्यावर दुपट्टा. वेल्डिंगची जी रेघ पडते ना, तिले बाकीचे बीड म्हणत, मामा काठ म्हणे. काठ सरळ पाहिजे, काठ सैल नाही पाहिजे. कोण्या पोट्ट्याची रेघ वाकडी पडली की म्हणे, हे लुगडं कोण नेसन बे, तुही मावशी? अन् सगळे हसत, तो पोट्टाही हसे अन् घासून परत करे.

आता माझं काम काय, तं झाडणं, अन् रॉडचे उरलेले तुकडे वेचणं. तिथं नियमच होता की जळलेले तुकडे परत दिल्याशिवाय नवीन रॉड नाही. ते तुकडे मोजता मोजता मी रॉड ओळखायले लागली. हा ग्रीलवाला, हा जाड पाटीवाला, हा ओला राहिला तं खराब होणारा. मोठ्या शेठनं एक दिवस माझं अक्षर पाहिलं, तुकड्याच्या वहीत, म्हणाले, स्टोअरवाला सोडून गेला, तूच बस. अशी मी टेबलावर आली. झाडू दुसरीच्या हातात गेला.

काय सांगू तुम्हाले, ते दिवस चांगले होते. चांगले म्हणजे कसे, उकाडा होता, धूर होता, पंखा एकच होता अन् तोही मोठ्या शेठच्या डोक्यावर. पण माणूस माणसाले विचारे. रॉड गरम ठेवायची एक पत्र्याची पेटी होती, बिजलीवर चाले, जाड कामाचे रॉड तिच्यात रात्रभर भाजत ठेवत. एकदा पावसाळ्यात कोणी तरी आपला डबा तिच्यात ठेवला, गरम व्हाले, वांग्याची भाजी. मामानं झाकण उघडलं, वास घेतला, अन् पेटीतले सगळे रॉड बाहेर काढून ठेवले. म्हणे, भाजीची वाफ रॉडनं पेली, आता यानं टाकी जोडली तं गिरणीवाल्याच्या पाण्याले फोडणीचा वास येईन. डबा कोणाचा ते मामाले माहीत होतं. नाव नाही घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाले आपल्या डब्यातली अर्धी भाकर दिली.

अन् पहिली काडी फोडायची रीत. हे नीट लिहा. इतवारीहून पेट्या आल्या की मी सही करायच्या आधी मामा कोणत्याही पेटीतून एक रॉड काढे, दोन पाटीच्या तुकड्याले एक जोड मारे, थंड होऊ देये, मग वाईसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, धरून हातोड्यानं फोडे. तोपर्यंत चहा येये. सगळे जमत, जसं नारळ फोडायले जमतात. मामा तुटलेली बाजू उजेडात धरून पाहे. आत घट्ट अन् बारीक दाणा दिसला तं म्हणे, लिही वं वच्छला. अन् आत अनारशासारखी जाळी दिसली तं काहीच नाही म्हणे, तुकडा माझ्या टेबलावर ठेवून देये. मग मी त्या पेट्या परत पाठवू, संगं तो तुकडा, फडक्यात बांधून. मुल्लाजी फडकं सोडून पाहे अन् दुसऱ्या पेट्या देये. एक शब्द नाही. कधी त्यानं नाही म्हटलं नाही, कधी मी कागद दाखवला नाही.

कागदच नव्हता ना. मी जी मागणीची चिठ्ठी लिहू तिच्यात एवढंच असे, रॉड नेहमीचे, दहा पेट्या. खाली सही. नेहमीचे म्हणजे कोणते, ते मामाच्या हाताले माहीत, मुल्लाजीच्या गोदामाले माहीत, मले माहीत. लिहायची गरज काय. पहिल्या स्टोअरवाल्यानंही तसंच लिहिलं होतं, त्याच्या आधीच्यानंही. मी त्याच वहीवरून शिकली अन् त्यांची चूक सुंदर अक्षरात करत राहिली. वीस वर्षं केली.

मग मोठे शेठ गेले. मुल्लाजीनं दुकान आवरलं, पोरं परदेशात, गाळा आता मोबाईलच्या कव्हरवाल्याकडं आहे. लहाने शेठ आले. मी त्याइले वाईट नाही म्हणत, शिकलेले होते, शेडमध्ये आठ पंखे त्याइनंच लावले. पण त्याइले सगळं कम्प्युटरवर पाहिजे अन् लवकर पाहिजे. पहिली काडी फोडताना दहा माणसं चहा पीत उभी दिसली तं म्हणाले, बाई, हे काय लग्न आहे का. झालं, रीत बंद. अन् खरेदी कशी, तं फोनवर चार जणाइले भाव विचारा, जो कमी सांगन त्याले ऑर्डर. मी कम्प्युटरवर ऑर्डर टाकू. त्याच्यात मालाच्या वर्णनाचा एक लांबलचक रकाना होता, पानभर लिहिता येईन एवढा. मी त्याच्यात काय लिहिलं असन. रॉडची जाडी, अन् पुढं, नेहमीप्रमाणे.

आता सांगा, ज्याले आमचं नेहमीचं कधी माहीतच नव्हतं, तो काय पाठवन.

उमरेडकडच्या एका कोळसा खाणीच्या हॉपरचं काम निघालं होतं. जाड पाटी, वजन भारी, तिथं कोरडे भाजलेले जाड कामाचेच रॉड लागतात. एका नवीन व्यापाऱ्याकडून पेट्या आल्या. पेटीवर नंबर बरोबर छापलेला. पण वरचं प्लास्टिक तीन-चार पेट्यांचं फाटलं होतं अन् पट्टी चिकटवून बंद केलं होतं. रॉड बनवणाऱ्या कारखान्याचा बॅच नंबर, म्हणजे कोणत्या खेपेत तो रॉड बनला तो नंबर, त्याची जागा कोरी. संगं तपासणीच्या दाखल्याची एक झेरॉक्स, त्याच्यावर नंबर होता, पण तो कोण्या दुसऱ्याच खेपेचा असन, पेटीवर तं काहीच नव्हतं ताळा पाहायले. हे सगळं मले दिसलं. मी आंधळी नव्हती. मामा दारात आला, दुपट्ट्यानं हात पुसत म्हणाला, वच्छला, फोडू का एक?

मी म्हटलं, मामा, जाऊ द्या, गाडी उभी आहे, शेठ ओरडतीन.

मामानं दुपट्टा परत डोक्यावर बांधला. मग गेला. मी सही केली.

दोन दिवसांनी परत सांगून गेला, रॉड फुटफुट करते, भाजूनही लेप गळते. मी म्हटलं, पुढच्या वेळी पाहू मामा. त्याइनं शेठलेही सांगितलं असन, मले माहीत नाही. काम तं करावंच लागलं. वरून काठ असा सुंदर की फोटो काढा. मामाचाच हात होता तो.

हॉपर उमरेडले गेलं, उभं झालं, पहिल्यांदा कोळसा भरून पाहिला त्या दिवशी एका बाजूचा आधार जोडातून उघडला. सगळं नाही पडलं, नशीब. पण खाली उभं राहायच्या पाट्यावर खाणीचा एक फिटर होता, त्याच्या पायाचं हाड दोन जागी मोडलं. लेकरंबाळं असलेला माणूस.

आता ऐका काय झालं, अन् हे प्रत्येक कारखान्यात होते. आमच्याच कारखान्यात चौकशी बसली, अन् चौकशीले पहिले कोण सापडलं, तं ज्याच्या हातात होल्डर, म्हणजे रॉड धरायचा चिमटा, होता तो. भाव कोणी पाडला ते नाही, माल कोणी पाठवला ते नाही, सही कोणाची ते नाही. अहवाल टाइप होऊन आला, त्याच्यात एक ओळ, वेल्डरच्या निष्काळजीपणामुळे जोड निकामी. वय झालं, नजर गेली, असं तोंडी. मामाले म्हणाले, इथं सही करा, मान्य आहे म्हणून, अन् आरामात घरी बसा. मामा म्हणाला, घरी नेऊन वाचतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आला तं गेटवर आत सोडलं नाही. तिसऱ्या दिवशीही आला. बाहेरच्या बाकड्यावर डबा मांडीवर घेऊन बसला. मी आत जाताना म्हटलं, मामा, चहा पाठवू का. म्हणाला, नको वं, तू जा, तुले उशीर होईन.

रागावला असता तं बरं झालं असतं.

घरी याइची कंबर, पोराची कॉलेजची फी, पोरीचं लग्न ठरत आलेलं. मी खोटं नाही सांगत, दोन दिवस मी गप बसली. तोंडानं नाही सांगितलं अन् हातानं काम करत राहिली. तिसऱ्या दिवशी खाणीकडून एक तपासणीवाला साहेब आला, दक्षिणेकडचा, हिंदीत बोले, चष्मा नाकावर. शेठच्या केबिनमध्ये अहवाल वाचून राहिला होता. मी चहाच्या निमित्तानं नाही गेली, सरळ गेली. म्हटलं, साहेब, माणसाचा हात तपासला, रॉडही तपासा, स्टोअरमध्ये त्याच खेपेच्या साडेतीन पेट्या उरल्या आहेत. शेठ म्हणाले, बाई, तुम्ही काय बोलून राहिल्या, समजते का. मी म्हटलं, समजते. मामानं मले पहिला रॉड फोडू का म्हणून विचारलं होतं, अन् मी नाही म्हटलं. सही माझी आहे.

साहेब हुशार होता. मामाले नाही बोलावलं, आमच्याही कोण्या वेल्डरले नाही, आपल्या खाणीचा माणूस बोलावला. त्याच्याच हातानं एक जोड आमच्या रॉडचा, अन् एक जोड त्यानं संगं आणलेल्या सीलबंद डब्यातल्या रॉडचा. दोन्ही वाईसमध्ये धरले. त्याचा जोड चार घाव खाऊन वाकला, तुटला नाही. आमचा दुसऱ्या घावाले उघडला. आत जाळी, सुई जाईन एवढी. सगळी शेड जमली होती, अन् गेटच्या जाळीतून मामा पाहून राहिला होता.

मले वाटलं आता व्यापारी धरला जाईन. शेठनं तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. तो माणूस शांत होता, म्हणे, शेठजी, आपके ऑर्डर में बॅच नंबर मांगा है क्या, सीलबंद मांगा है क्या, उसी बॅच का सर्टिफिकेट मांगा है क्या, जो भाव आपने लिया उसमें यही आता है. साहेबानं ऑर्डर मागितली. मी प्रिंट काढून दिली. त्यानं चष्मा वर करून वाचली, मग मले विचारलं, मॅडम, ये नेहमीप्रमाणे क्या चीज है.

त्या साहेबाले मुल्लाजी कसा सांगू, फडक्यात बांधलेला तुकडा कसा सांगू. मी म्हटलं, साहेब, पहिले होती, आता नाही.

व्यापारी सुटला. लिहून घ्या. कागदानं सुटला तो, माझ्या कागदानं. खाणीनं नंतर त्याचं काय केलं ते मले ठाऊक नाही. त्या फिटरले काय मिळालं ते मी विचारलं, तुम्हीही विचारा, मले नीट उत्तर कोणी दिलं नाही.

शेठ गेटवर गेले, म्हणाले, मामा, चला, कामावर या, हा अहवाल फाडून टाकू, नवीन करू. मामा बाकड्यावरून उठला नाही. म्हणाला, फाडू नका. ती ओळ खोडा, बाजूले सही करा, तारीख टाका. पुढं कोणी वाचलं तं त्याले दिसलं पाहिजे की पहिले काय लिहिलं होतं अन् कोणं खोडलं. शेठले दोन दिवस लागले. पण खाण म्हणे हॉपर याच मिस्त्रीच्या हातून दुरुस्त पाहिजे, तं काय करतीन. सगळ्यांसमोर, शेडमधल्या टेबलावर, निळ्या पेनानं खोडली. मामानं वाचून पाहिलं, मग होल्डर उचललं.

अन् मग आम्ही ऑर्डर लिहायले बसलो. मी, मामा अन् तो साहेब, एक दुपार. साहेब नियमाच्या भाषेत सांगे, मामा हाताच्या भाषेत, अन् मी दोन्ही एका कागदात बसवू. कोणत्या प्रतीचा रॉड, ते पूर्ण नंबरानं, अन् तो नंबर कोणत्या मानकातला अन् कोणत्या वर्षीच्या आवृत्तीतला. जाडी किती, लांबी किती. साहेब म्हणे, पेटीवर खेपेचा नंबर, दाखल्यावर तोच नंबर, अन् दाखला तीच खेप तपासून दिलेला, मागच्या वर्षीच्या नमुन्याचा नाही. मामा म्हणे, हे लिही की डबा कारखान्यात बंद झाला तो आमच्याकडंच उघडला पाहिजे, मधात कोणी हात नाही लावला पाहिजे. मी विचारलं, मामा, फाटलेला आला तं. म्हणाला, तं गाडीवरच राहू दे. शेवटी मामानं एक ओळ सांगितली अन् साहेब हसला, पण म्हणाला, लिखो मॅडम, ये सबसे अच्छा है. ओळ अशी, माल पोचल्यावर कोणत्याही पेटीतला एक रॉड आम्ही फोडून पाहू, पसंत पडला तरच सही होईन. एक पान भरलं. शेठ म्हणाले, बाई, एवढं लिहिलं तं भाव वाढन. मामा म्हणाला, वाढू द्या.

मले काय झालं म्हणाल, तं वर्षभर माझ्या सहीच्या वर दुसऱ्याची सही लागे. ते बरोबरच होतं. पुढं तो कागद तसाच चालू राहिला, मी निवृत्त झाली तरी चालू आहे, शेडमधले लोक त्याले बाईचं पान म्हणतात. बाईचं काय त्याच्यात, अर्धं मामाचं आहे.

हॉपरची दुरुस्ती उमरेडले जागेवरच केली. आठ दिवस लागले, मामाले घर जवळ पडलं म्हणून तो खुश होता. शेवटच्या दिवशी मी उरलेले रॉड परत घ्यायले गेली तं मामा म्हणाला, वच्छला, एवढी वर्षं रॉड वाटले तुनं, एक काठ तरी मारला का. मी म्हटलं, मले नाही जमत मामा. म्हणाला, माय, कोणाले जमते पहिल्यांदा. काळ्या काचेचा मुखवटा माझ्या हातात दिला, हातमोजे दिले, अन् हॉपरच्या नंबरपट्टीच्या कडेले, जिथं वजन येत नाही अशा जागी, माझ्या मनगटाखाली आपला हात ठेवून एक रेघ मारून घेतली. काचेतून सगळं काळं दिसलं, मधात एक हिरवा ठिपका, अन् त्याच्या मागं लाल लोखंड दाट रबडीसारखं भरत जाताना. अशी वाकडी रेघ आली की विचारू नका. मी म्हटलं, घासून टाका मामा, लोक हसतीन. मामानं वरची राख झाडली, बोटानं चाचपली, म्हणाला, नेसायची थोडीच आहे, राहू दे, आतून घट्ट आहे.

मामा गेल्या वर्षी गेला. झोपेतच. शेवटी शेवटी नजर गेली होती, ऑपरेशन करूनही परत आली नाही, पण हाल नाही झाले. वर्ष पूर्ण झालं म्हणून परवाच उमरेडले जाऊन आली, एसटीनंच. बस खाणीच्या फाट्यावर वळते तिथून ते हॉपर दिसते. माझी रेघ तेवढ्या दुरून दिसत नाही, दिसणारही नाही, पण मले माहीत आहे ती कोणत्या बाजूले आहे. वरून कोळसा पडत होता, खाली ट्रक लागत होते, अन् ट्रकवर माणसं उभी होती. उभी राहू द्या बाप्पा, सुखानं उभी राहू द्या.